कॉन्स्टन्सीची शेवटची शिकार

जमैकाहून इंग्लंडातल्या प्लिमथला जायचं आणि तिथल्या गोदीत जहाज मोडायला द्यायचं. कॉन्स्टन्सी या युद्धनौकेला आता एवढंच काम उरलं होतं. दोन राजांची चाकरी करून आणि कितीतरी वादळं पचवून तिचं लाकूड पोखरलं होतं. कप्तान ट्रेगार्थन पोरवयात तिच्यावर चढला आणि तिच्यावरच म्हातारा झाला. थंडीत दोघांचेही सांधे कुरकुरत.

"जहाज! फ्रेंच आहे!" डोलकाठीवरचा टेहळ्या ओरडला.

साखरेनं भरलेलं, सुस्त, एकटं! फ्रेंचांशी लढाई चालू होती आणि पकडलेल्या जहाजाचा पैसा सगळ्यांत वाटला जाई. दमलेल्या खलाशांच्या अंगात वारं भरलं. रिकाम्या हातांनी घरी जायची कुणालाच हौस नव्हती, कप्तानालाही नाही.

"पाचरी ढिल्या करू, साहेब?" सुतार ऑडीनं विचारलं. डोलकाठीच्या बुडाच्या पाचरी सैल केल्या की जहाज मोकळं होऊन पळतं, अशी खलाशांची पक्की समजूत.

"कर. तरुणपणी अशीच पळायची ही."

आणि पळाली की! फ्रेंच जहाज तोफेच्या टप्प्यात आलं. तेवढ्यात कडाड्! सैल डोलकाठी गदागदा हलली, तळाच्या कुजक्या फळ्या उकलल्या आणि पाणी आत उसळलं.

ऑडी गळ्यापर्यंत भिजून वर आला. "पोट फाटलं म्हातारीचं! तोफांचं ओझं उतरवा, साहेब, नाहीतर सगळेच तळाला!"

"एकच फैर, साहेब!" लेफ्टनंट पिम कळवळला. "एका फैरीत शरण येतील ते!"

ट्रेगार्थननं त्या जहाजाकडे डोळे भरून पाहिलं. उभ्या जन्मात असं घबाड त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

"फैरीचा हिसका हिला सोसायचा नाही. जाऊ दे त्यांना. तोफा समुद्रात ढकला!"

एकेक तोफ धपाक्कन गेली. जाड दोरखंड जहाजाच्या पोटाखालून ओढून करकचून आवळले. पाणी उपसायचा पंप थांबला नाही. हाताला फोड आले, फुटले. कप्तानानंही पाळी चुकवली नाही. तशाच अवस्थेत कॉन्स्टन्सी रखडत, कण्हत प्लिमथला लागली.

गोदीच्या अधिकाऱ्यानं डेकवर टाच आपटून पाहिली. "तरंगतेय की! डोलकाठ्या उतरवा. कैदी ठेवायला होईल."

"हिला मोडायचं ठरलं होतं, साहेब," ट्रेगार्थन म्हणाला.

"लढाई चालू आहे, कप्तान. तरंगणारं काही आम्ही मोडत नाही."

तो गेल्यावर ऑडी थुंकला. "बुडाली असती तर सुटली असती बिचारी."

"आपणही सुटलो असतो की रे!" ट्रेगार्थनला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले. त्यानं फोडांच्या हातांनी पंपाचा दांडा धरला. "चल, धर तिकडून. पाणी येतंय अजून."