सालईच्या माथ्यावरची बॅटरी

अश्वजित मेश्राम माथ्यावरून उतरला तो बॅटऱ्या आणायला. २००१ सालचा मे महिना होता. कारंजा (घाडगे) तिथून पायी अन् ट्रकने मिळून दिवसभराच्या वाटेवर. तेवढा वेळ सालईचा माथा मुका राहणार होता, आणि त्याला त्याचीच धास्ती होती.

माथ्यावर एक जुनी मॅटाडोर उभी होती. आत झोपायची फळी, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, वायरलेसचा सेट. टपावर सौर ऊर्जेच्या दोन पाट्या. जंगल राखणाऱ्या एका मंडळाने ती फेब्रुवारीत वर नेऊन ठेवली होती. खाली गव्हाणदरीत नत्थू नावाचा पहारेकरी झोपडीत राहायचा. दाट झाडीतून त्याला आग कुठून कुठे सरकते ते दिसत नसे. माथ्यावरून सगळी दरी दिसायची. वरच्याने पाहायचं आणि खालच्याला सांगायचं, एवढंच काम. अश्वजितने आयुष्यभर सिंदीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून दिले होते. लोक त्याच्या हातून एकमेकांशी बोलत, त्याच्याशी कुणी बोलत नसे. यंत्रं आली, ते काम संपलं. बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. माथ्यावरची नोकरी त्याने मागून घेतली.

नत्थू दिवसातून तीनदा, सातला, बाराला आणि पाचला, दहा मिनिटं आपला छोटा सेट लावायचा. त्या तीस मिनिटांखेरीज अश्वजितच्या कानावर माणसाचा आवाज पडत नसे. दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

फेब्रुवारीत बॅटऱ्या अश्वजितनेच पसंत केल्या होत्या. ट्रकच्या, मजबूत दिसणाऱ्या दोन. तीन महिन्यांतच त्यांनी मान टाकली. मग त्याने गाडीची स्वतःची बॅटरी सेटला जोडली. आठवड्यात तीही बसली, आणि गाडीही जागची हलेना. सोमवारी सकाळी नत्थूशी बोलता बोलताच सेटवरचा दिवा विझला. वाक्य अर्धंच राहिलं.

कारंज्याला बंडूजींचं बॅटरीचं दुकान हायवेलाच लागून होतं. मंगळवारी सकाळी बंडूजींनी सगळं ऐकून घेतलं आणि गल्ल्यामागून उठले.

"चूक बॅटरीची नाई, भाऊ. ट्रकची बॅटरी इंजिनाले धक्का द्यासाठी असते. एकदम जोर लावते अन् लगेच भरून घेते. तुम्ही तिले थोडं थोडं करून पार तळापर्यंत उपसून राह्यले. रोज तसं केलं तं प्लेटा सडनारच."

"मंग मले कोनती पाहिजे?"

बंडूजींनी कोपऱ्यातल्या दोन उंच, काळ्या बॅटऱ्यांवर हात ठेवला. "ह्या ट्यूब्युलर. इन्व्हर्टरच्या. हळूहळू देते, पन दमानं देते. रोज उपसली तरी वर्षं चालते. पाच-पाच दिवसांनी पानी पाहाजो, अन् निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नोको. दोन गोष्टी मात्र सांगतो. एक, पंचावन किलो वजन आहे एकेकीचं. दुसरी, आता अॅसिड भरतो, पूर्न चार्ज व्हाले उद्या दुपार होईल."

"आन् ट्रकची?"

"ट्रकची तयार आहे. आताच घेऊन जा. पावसाळ्याच्या आत परत याल."

अश्वजित पायरीवर बसून राहिला. आज निघावं तर उद्या दुपारी नत्थूशी बोलणं होणार होतं. थांबावं तर परवावर जाणार. दरीत सध्या तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकापोरांचा तळ पडलेला. उन्हाने पालापाचोळा कुरकुरीत झालेला. पण ट्रकची बॅटरी ऐन जूनच्या तोंडाशी, कोरड्या वाऱ्यात पुन्हा मुकी झाली तर?

"ट्यूब्युलर द्या," तो म्हणाला. "थांबतो."

ढाब्यावरच्या खाटेवर त्याने तो दिवस काढला. ट्रक येत होते, जात होते. बाराला आणि पाचला त्याची नजर आपसूक घड्याळाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका ट्रकने त्याला दोन बॅटऱ्यांसह पायथ्याच्या गावी सोडलं. तिथला तानबा बैलगाडी घेऊन यायला तयार झाला. पहाटे फटफटताच दोघे निघाले.

नाल्यापर्यंत सगळं ठीक होतं. नाल्याच्या वाळूत चाक रुतलं. बैलांनी दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा उजवा बैल गुडघ्यावर बसला. तानबाने त्याच्या मानेवर हात फिरवला.

"हा नाई चढनार आता, भाऊ. मारून काई फायदा नाई."

समोर खडकाळ चढ होता, दीड तासाचा. अश्वजितने वर पाहिलं. दरीच्या दक्षिणेला, झाडीवर, धुराची पांढुरकी पट्टी उभी होती.

साडेनऊ वाजले होते. बाराला नत्थू सेट लावणार. लावणार का पण? तीन दिवस वरून शब्द आला नव्हता.

"एकच नेऊ," अश्वजित म्हणाला. "सेटले एक पुरते."

तानबाने बैल सोडून गावाकडे पिटाळले. दुसरी बॅटरी मोहाच्या सावलीत सोडली. पहिली दोरांनी बांबूला टांगली. आडवी होऊ द्यायची नव्हती, अॅसिड सांडलं असतं. पुढे तानबा, मागे अश्वजित. पहिल्या शंभर पावलांतच खांदा सोलवटला. दगड पायाखालून निसटत होते. एका वळणावर तानबा घसरला, बॅटरी कलंडली आणि बुचातून उडालेले थेंब अश्वजितच्या मनगटावर पडले. त्याने ओठ दाबून धरले, कमरेच्या बाटलीतलं सगळं पाणी मनगटावर ओतलं, आणि पुन्हा बांबू उचलला. आता प्यायला पाणी उरलं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर तानबा थिजला.

वीस पावलांवर अस्वल होतं. धुराने बिथरलेलं, दोन पायांवर उठलेलं. पळायला जागा नव्हती आणि ओझं टाकता येत नव्हतं. दोघे उभे राहिले. खांद्यांवर बांबू करकरत होता. घाम डोळ्यांत उतरत होता. अस्वलाने हवा हुंगली, एकदा भुंकल्यासारखा आवाज काढला, आणि मग धप्पकन खाली येऊन करवंदीच्या जाळीत शिरलं.

"चाला," तानबा कुजबुजला.

माथ्यावर पोचले तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती. मॅटाडोरचं दार तापून भाजत होतं. अश्वजितने जुन्या बॅटरीच्या तारा ओढून काढल्या. लाल तार अधिकला. काळी वजाला. दिवा लागला!

"नत्थू, सालईच्या माथ्यावरून बोलतो. नत्थू."

खरखर. नुसती खरखर.

"नत्थू, ऐकू येते काय?"

बाहेर जाऊन त्याने पाहिलं. आग दरीतल्या ओढ्याच्या दोन्ही काठांनी वर सरकत होती. वाऱ्याने तिचं एक टोक पश्चिमेच्या वाटेवर टाकलं होतं. तळावरची माणसं बाहेर पडायला हमखास तीच वाट धरणार होती. बारा वाजून चार मिनिटं. सहा.

"...भाऊ? तुमी आहा काय?"

अश्वजित एका दमात बोलला. "पश्चिमेच्या वाटेनं जाऊ नोको. तिकडं आग आहे. पोरं, बाया घे अन् पूर्वेच्या खडकाकडं निंघ. तिथं गवत नाई. मी पाहून सांगतो. सेट बंद करू नोको."

"मी पश्चिमेलेच निंगालो होतो, भाऊ."

दीड तास तो टपावर उभा होता. माईकची तार खिडकीतून वर घेतली होती. डावीकडे घे. थांब. आता पळ. तानबा त्याला घोट घोट पाणी पाजत होता. दीडच्या पुढे पूर्वेच्या खडकावर रंगीबेरंगी ठिपके दिसू लागले. तानबाने मोजले, नत्थूने सेटवरून मोजले. एकोणतीस. सगळे होते.

खालची झोपडी जळाली. मोहाखालची बॅटरी वितळून गेली.

आग ओसरली. माणसं पूर्वेकडून गावाला उतरली आणि तानबा त्याच्या बैलांकडे गेला. नत्थू मात्र खडकावरून उलटा माथ्यावर चढून आला. ठेंगणा, साठीचा माणूस. भुवया होरपळलेल्या. दाराशी तो घुटमळला.

"तुमी अश्वजितभाऊ?"

"हो. बस ना."

सेटवर शब्द आपोआप येत. इथे नुसतं ऊन होतं. शेवटी नत्थू म्हणाला, "तीन दिवस रोज लावून पाह्यलो. काई नाई. वाटलं, भाऊ गेले नोकरी सोडून."

"तरी लावला आज?"

"मंग कोनाशी बोलू?"

पाणी पिऊन त्याने फळीवर पाठ टेकली आणि बघता बघता घोरू लागला. अश्वजितने बॅटरीच्या बुचांवरचं अॅसिड ओल्या फडक्याने पुसलं, पाट्यांच्या तारा जोडल्या, आणि स्टोव्ह पेटवला. तांदळाच्या डब्यात हात घालून तो थबकला. दोघांसाठी किती घ्यायचे, हे त्याला आठवेना. त्याने एक मूठ घेतली, मग दुसरी, आणि घोरणं ऐकत आणखी एक.