पाळण्यातली चाल

रुचा पाळणागीतांच्या चाली गोळा करायची. शब्द घरोघरी बदलतात, चाल मात्र आईकडून मुलीकडे जशीच्या तशी जाते, असं तिचं म्हणणं. एक चाल तिला शीव कोळीवाड्यात सापडली, तीच पुढे गिरगावातही. तिचा माग काढत ती एका दुपारी काळाचौकीच्या चाळीत सुभद्राबाई परबांकडे पोचली.

नव्वदीच्या सुभद्राबाई खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर उन्हात मंडपाचे बांबू ठोकणं चाललं होतं. त्यांनी चाल गुणगुणली. तिसऱ्या ओळीला तोच विचित्र हेलकावा, गाणारीचा श्वास मधेच तुटावा तसा. रुचाने मोबाइलवर ते टिपून घेतलं.

“आजी, तुम्हाला ही कोणी शिकवली?”

“आयेन.”

“आणि त्यांना?”

सुभद्राबाईंनी आवाज उतरवला. “कोणी नाय गो. आयेन ती पाळण्यातसून आयकल्यान.”

“म्हणजे… पाळण्यात कोण होतं?”

“कोणच नाय. माजी धाकटी भयण एकवीस दिसांची गेली. तिका पोचवन इले, तर रिकामो पाळणो गायत होतो… आयेन तीच चाल गावन दाखयल्यान, तेवां गप झालो.”

कोळीवाड्यातली म्हातारीही ‘पाळण्यातली चाल’ असंच म्हणाली होती. रुचाला ते चालीचं नाव वाटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. घरून अनिश, तिचा नवरा. आठ महिन्यांची मनवा आज त्याच्यापाशी होती.

“रुचा, पाळण्यात तुझं कसलं रेकॉर्डिंग ठेवलंयस? बंद कुठून करायचं ते?”

“मी… काहीच नाही ठेवलेलं. मनवा कुठंय?”

“माझ्या खांद्यावर. त्या आवाजानं जागी झाली, म्हणून उचलून घेतली. ऐक ना…”

त्याने फोन पाळण्याजवळ धरला. बारीक, कोवळा आवाज. तिसऱ्या ओळीला श्वास तुटला.

सुभद्राबाईंनी फोन ओढून घेतला, डोळे मिटले आणि तीच चाल गायली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पलीकडचा आवाज विरत विरत गेला…

रुचा टॅक्सीने शिवाजी पार्कला घरी कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. मनवा बापाच्या कडेवर खिदळत होती. तिला छातीशी घट्ट धरून रुचाने पाळण्यात वाकून पाहिलं.

दुपट्यावर मनवाच्या अंगाचा खळगा होता. आणि त्याला अगदी चिकटून, आणखी एक. लहानसा.