शेजारच्या सीटवरचा माणूस

"अहो! अहो मिस्टर! काय शोधताय माझ्या डिकीत?"

डिकीत कमरेपर्यंत शिरलेला माणूस दचकून उठला आणि झाकणावर त्याचं डोकं टण्णकन आपटलं. त्याच्या एका हातात तिची छत्री होती आणि दुसऱ्या हातात प्लास्टरचे दात. अख्खेच्या अख्खे, वरचे आणि खालचे.

"हे... तुमचे आहेत?" डोकं चोळत त्याने विचारलं.

"माझे माझ्या तोंडात आहेत. हे पेशंटचे आहेत. खाली ठेवा आधी!"

त्याने दात अलगद खाली ठेवले. मग छत्री, चपला, पाण्याची बाटली, सगळं तिच्या पायाशी ओळीने मांडलं. "ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत एकही सुटी वस्तू ठेवायची नाही, डॉक्टर. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, पण वस्तू थांबत नाहीत. हे दात मागून येऊन मानेला चावले तर काय घ्या?"

"आणि माझी चावी तुमच्याकडे कशी?"

"तुम्हीच दिलीत की गेटवर. तपासणीसाठी."

दिली होती खरी. तरी तिने चावी हिसकावून घेतली आणि त्याच्यासमोरच पर्स उघडून सगळं जागेवर आहे ना, ते पाहिलं. तो हसला. हसताना दात छान दिसले, आणि तिला त्याचाही संशय आला.

आता संशय हा तिच्या स्वभावातच होता, त्याला ती तरी काय करणार? "रोज दोनदा ब्रश करतो" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या तोंडात डोकावण्यात आयुष्य चाललेलं. माणसं खोटं बोलतात, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्यातून घरी दादा. गेल्या वर्षी ओल्या रस्त्यावर, पुलाच्या वळणावर तिची गाडी घसरली, गर्रकन फिरली आणि कठड्याला जाऊन टेकली. शेजारी आई बसलेली. आईचा चष्मा फुटला, एवढंच. पण त्या दिवसापासून गाडीची चावी दादाच्या खिशात गेली ती गेलीच. स्वतःच्या कमाईने घेतलेली गाडी, आणि दवाखान्यात जायचं तर दादा सोडणार, आणायला दादा येणार! वर ऐकवणार, "तू आपली दात बघ. रस्ता मी बघतो."

शेवटी एक दिवस ती फणकारली. शहराबाहेर जुन्या धावपट्टीवर एका कार क्लबने ट्रॅक केला होता. तिथे गाडी वेगात, पण सुरक्षित कशी चालवायची ते शिकवत. नवख्याच्या काचेवर लाल पट्टी लावत आणि शेजारी शिकवणारा बसवत. तयारी झाली की हिरवी पट्टी मिळे, मग एकट्याने जायचं. दादाशी तिने करार केला. हंगाम संपायच्या आत हिरवी पट्टी मिळाली तर चावी तिची, आणि घरात कुणी ब्र काढायचा नाही. नाही मिळाली तर गाडी विकायची. तोवर चावी मिळणार ती फक्त ट्रॅकवर जायच्या दिवशी. दादाने इतक्या पटकन होकार दिला की तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

आणि नेमका तो डिकीतला माणूसच तिचा शिकवणारा निघाला. एरवी तो इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. क्लबमध्ये त्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण दर दोन वाक्यांमागे तो हेच म्हणे.

"सावकाश... ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात पाय शांत ठेवायचा."

दोघांच्या हेल्मेटमध्ये माइक आणि स्पीकर असत. बाहेर इंजिनाचा एवढा कल्लोळ, आणि कानात मात्र त्याचा आवाज, अगदी उशीवरून बोलल्यासारखा. इतक्या मऊ आवाजात कुणी बोलायला लागलं की माणसाने सावध व्हावं, असं तिचं स्पष्ट मत होतं. ते मत घेऊन ती घट्ट बसून राही, आणि तरी कानाच्या पाळ्या गरम होत.

"नजर कुठे आहे, डॉक्टर?"

"रस्त्यावर."

"रस्त्यावर नाही, भिंतीवर आहे. भिंतीकडे बघाल तर भिंतीतच जाल. जिथे जायचंय तिथे बघा."

"मला कुठे जायचंय ते तुम्हाला काय माहीत?"

"नाहीच माहीत," तो म्हणाला. "म्हणून तर शेजारी बसून बघतोय..."

हे काय बोलणं झालं? शिकवणं की दुसरंच काही? ती रात्री आईला म्हणाली, "माणूस गोडबोल्या आहे. यात काहीतरी काळंबेरं आहे." आई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिली. "काळंबेरं असेलही. पण तू आज तिसऱ्यांदा सांगतेयस."

दिवस जात होते. गाडी तिच्या हातात बसत होती. मागून वेगवान गाडी आली की खिडकीबाहेर हात काढून वाट द्यायची, पुढच्याने हात दाखवल्याशिवाय ओलांडायचं नाही, हा ट्रॅकचा कायदाही अंगवळणी पडला. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या बँकेतल्या काकांनी तर वळणांवर मांडलेले निम्मे प्लास्टिकचे शंकू आडवे करूनही शेवटी हिरवी पट्टी मिळवली आणि सगळ्यांना पेढे वाटावेत तशा चॉकलेटच्या वड्या वाटल्या. तिच्या काचेवर लाल ती लालच.

"माझं कधी?" ती विचारी.

"अजून थोडं... एक वळण जरा कच्चं आहे."

"कुठलं?"

"ते डावीकडचं."

पुढच्या वेळी डावीकडचं झक्क जमलं, तर म्हणे उजवीकडचं. उजवीकडचं जमलं, तर शेवटचं. आता ती काय दुधखुळी होती? दाढ ठणकत असताना "दुखत नाही हो" म्हणणारा पेशंट जसा नजर चुकवतो, तशी तो नजर चुकवत होता. बरं, नजर चुकवावी तर पूर्ण चुकवावी! हेल्मेट काढताना तिचे केस पट्ट्यात अडकले की सोडवायला हाच पुढे, एकेक केस अलगद सोडवणार आणि मग लांब जाऊन उभा राहणार. कुणी समजावं काय यातून?

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. आभाळ भरून आलेलं. ती गेटमधून आत आली आणि तिचा पाय जागीच थिजला. कँटीनच्या कोपऱ्यात दादा उभा होता, समोर सावकाश. दादाचा हात त्याच्या खांद्यावर. दादा काहीतरी समजावत होता आणि हा मान खाली घालून ऐकत होता.

अस्सं! म्हणजे हे असं होतं तर. डावीकडचं वळण, उजवीकडचं वळण... सगळी दादाची शिकवणी! दादाचा राग तर आलाच, तो नेहमीचाच. पण या माणसाने? तिला स्वतःचाच जास्त राग आला, कारण दुखत होतं ते गाडीसाठी नव्हतं.

थोड्या वेळाने तो तिच्या गाडीपाशी आला. चेहरा पांढराफटक.

"डॉक्टर, आज मी... मी तुमच्या गाडीत बसणार नाही. हेडबाई बसतील."

हेडबाई म्हणजे क्लबच्या मुख्य शिक्षिका. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, गळ्यात अजून शिट्टी. त्यांच्या हातून पास होणं म्हणजे वाळूतून तेल काढणं, असं क्लबात सगळे म्हणत.

"वा!" ती म्हणाली. "स्वतःच्या तोंडाने नापास म्हणायची लाज वाटली वाटतं? दादाने काय कबूल केलंय तुम्हाला?"

"दादांनी? नाही, तसं नाही... मी तुम्हाला नंतर—"

"नंतर काही नको. व्हा बाजूला."

तो बाजूला झाला. हेडबाई आत बसल्या, पट्टा आवळला, आणि त्याच क्षणी काचेवर टपटप सुरू झाली. ओला रस्ता. आईचा चष्मा फुटल्याचा तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला.

"निघ," हेडबाई म्हणाल्या. कानात मऊ आवाज नव्हता, सरळ शाळेची घंटाच.

पहिली फेरी ती जपून गेली. दुसऱ्या फेरीत थोडा जीव आला. मागे एक गाडी चिकटली, तिने खिडकीबाहेर हात काढून तिला वाट दिली. पावसाचे थेंब मनगटावर टोचले. आणि शेवटच्या वळणावर, नेमकं मधोमध, गाडीचा मागचा भाग सटकला.

तोच क्षण, पुलावरचा. सगळं अंग ओरडत होतं, दाब ब्रेक! भिंत समोरून सरकत आली. तिने भिंतीवरून नजर उचलली आणि लांब, वळणाच्या पलीकडे, जिथे जायचं होतं तिथे टाकली. पाय शांत ठेवला. हात नजरेमागोमाग गेले. गाडी एकदा डुलली, दुसऱ्यांदा थोडी कमी डुलली आणि सरळ झाली. तिच्या तोंडून हुंदक्यासारखं हसू बाहेर पडलं.

"थांबव आत घेऊन," हेडबाई म्हणाल्या.

गाडी थांबली. बाईंनी हेल्मेट काढलं, खिशातून हिरवी पट्टी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "इतके दिवस काय करत होतीस गं? तू तर केव्हाच तयार आहेस."

"मग त्यांनी मला का अडवलं?" तिचा आवाज चढला. "माझ्या दादाने सांगितलं म्हणूनच ना?"

"दादाबिदा मला ठाऊक नाही. मघाशी आला माझ्याकडे धावत. म्हणाला, तिची परीक्षा तुम्ही घ्या, मला तिच्याशेजारी बसवू नका. आमच्याकडे नियम आहे बाई, घरच्या माणसाला शिकवायचं नाही. आमचे हे मला शिकवायला बसायचे तेव्हा एक तर 'ब्रेक ब्रेक' ओरडायचे, नाहीतर उगाच 'वा वा' करायचे. आपलं माणूस असलं की डोळ्यांना खरं दिसत नाही. म्हणून मी त्याला विचारलं, तुझी कोण लागते रे ती?"

"मग?"

"म्हणाला, अजून कुणी नाही. त्या 'अजून'चं काय ते तू बघ. मला चहा प्यायचाय."

पावसात तो ट्रॅकच्या कडेचे शंकू गोळा करत होता. ती तरातरा गेली, हिरवी पट्टी हातात नाचवत.

"मी तयार होते. होते की नाही?"

"होता."

"कधीपासून?"

त्याने शंकूंची चळत खाली ठेवली. "बऱ्याच दिवसांपासून."

"आणि रोज नवीन वळण कच्चं!"

"वळणं पक्की होती. कच्चा मी होतो." केसांतून पाणी गळत होतं, तो पुसतही नव्हता. "तुम्ही पास झालात की ती सीट माझी राहणार नव्हती. आधी वाटायचं, एकच दिवस अजून. मग अजून एक. खरंच तयारी कमी आहे की मलाच सोडवत नाही, हे मलाच कळेनासं झालं. आज तुमच्या दादांनी सांगितलं, नापासच ठेवा, म्हणजे संध्याकाळी गाडी विकून टाकतो. तेव्हा पहिल्यांदा कळलं मला, मी काय करतोय ते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही थांबा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि गेलो हेडबाईंकडे."

"म्हणजे तुमच्या... तुमच्या या असल्या वागण्यापायी माझी गाडी गेली असती!"

"हो. प्रेमापायी म्हणा हवं तर, पण चूक ती चूकच. माफ करा म्हणायला तोंड नाही मला."

तर संशय खरा होता! माणूस खरंच तिला अडवत होता. फक्त कारण... कारण तिने लावलेलं साफ चुकलं होतं. एवढ्या वर्षांत कुणी तिच्याशी इतकं खरं बोललं नव्हतं, तेही स्वतःच्या विरुद्ध. तिला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटत होती आणि त्याच हाताने कपाळावरचं पाणी पुसावंसंही वाटत होतं.

"याचं उत्तर मी फेरी मारून आल्यावर देईन," ती म्हणाली. "एकटीने."

गेली. शेजारची सीट रिकामी, कानात कुणी नाही. गाडी सुंदर पळत होती, प्रत्येक वळण मनासारखं जात होतं. आनंदाने तिचा ऊर भरून आला, आणि प्रत्येक वळणानंतर तिची मान आपसूक डावीकडे वळत होती, सांगायला. मग तिने स्वतःशीच कबूल करून टाकलं. आवडतो. गोडबोल्या, खोटारडा, आणि आवडतो!

ती बाहेर आली तेव्हा दादा छत्री धरून उभा होता. चेहरा पडलेला, पण डोळे ओले. त्याने सवयीने हात पुढे केला. "चावी?"

"दादा, मागे बस."

"मागे? अगं, मी तुझा मोठा भाऊ—"

"मोठा आहेस म्हणूनच. मागे ऐसपैस जागा आहे."

दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भिजून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे, आणि छत्री मिटून मुकाट्याने मागे जाऊन बसला. तिने हात लांबवून शेजारचं दार उघडलं.

"ये."

हे 'ये' ऐकून तो जागच्या जागी थबकला. "पण... मी तुझ्याशेजारी बसायचं नाही, नियम आहे."

"शिकवायला बसायचं नाही. बसायचं नाही असं कुठे म्हटलंय?"

"आणि माझी गाडी?"

"राहू दे इथेच. उद्या न्यायला मी सोडते."

तो बसला. गाडी गेटबाहेर पडली. मोठ्या रस्त्यावर पाऊस दाटला, पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले, आणि तिने तिरक्या नजरेने पाहिलं तर त्याचा उजवा पाय पायपुसणीवर करकचून दाबलेला, जणू तिथे ब्रेक आहे. मागे दादाचाही तसाच.

"दोघेही पाय उचला," ती म्हणाली. "गाडी मी चालवतेय."

दोघांनी उचलले.