भिंतीपलीकडे जाणारी वायर

पहिली खटकलेली गोष्ट तशी किरकोळ होती. व्हिडिओ इंटरनेटवर चढेना म्हणून नम्रताने सगळं बंद करून पाहिलं. लॅपटॉप मिटला, मोबाइलचं वायफाय घालवलं; आणि तरी राउटरचा हिरवा दिवा धाप लागल्यासारखा लुकलुकत राहिला. आता दिवाच तो, लुकलुकणारच. पण नम्रता कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. उगाच कुणी बघायला नको, म्हणून तिने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवून ठेवली होती.

हडपसरची ही वरची खोली तिने नुकतीच भाड्याने घेतली होती. संध्याकाळी सहाच्या आत शिकवण्याच्या नमुन्याचा व्हिडिओ एका ऑनलाइन क्लासला पोचला, तरच नोकरी. नाहीतर उदगीरला परत; वडिलांनी स्थळ बघूनच ठेवलं होतं. गंमत म्हणजे सिनेमा लावला तर सुरळीत चालायचा. आपलं काही पाठवायला घेतलं, की निळी पट्टी जागची हलायची नाही.

तिने केबलवाल्या शंभूला फोन लावला.

"ताई, येतंय ते झकास येतंय. जात नाही, कारण तुमच्याकडून आधीच कुणीतरी भरभरून पाठवतंय."

"मी काहीच पाठवत नाहीये हो! सगळं बंद आहे."

"मग घरात अजून कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग त्या 'कोणी नाही'ला सांगा, जरा दम धर म्हणावं," शंभू म्हणाला आणि फोन ठेवला.

नम्रताची नजर भिंतीतल्या भोकाकडे गेली. राउटरमधून निघालेली एक वायर तिथून पलीकडच्या कुलूपबंद खोलीत जात होती. खोली देतानाच घरमालक सर्जेरावांनी बजावलं होतं, "कनेक्शन दोन्ही खोल्यांना एकच हाय. ही वायर तेवढी काढू नका, बाई. पलीकडं आमच्या सूनबाईची, मैनाची खोली. ती वारली गेल्या वर्षी. पोरगा समर्थ जर्मनीत. दोघं रोज सांजच्याला कॉम्प्युटरवर बोलायची. तिचा कॉम्प्युटर कॅमेऱ्यासकट चालूच ठिवलाय. समर्थ तिकडनं बघतो."

"रिकामी खोली?"

सर्जेरावांनी किल्ली तिच्या हातात ठेवली होती. "बघतो," एवढंच म्हणाले होते.

पाऊण तास उरला होता. पाठवून झालं की लगेच लावू, असं मनाशी म्हणत नम्रताने ती वायर उपसली. भिंतीपलीकडच्या कॉम्प्युटरची सतत चालणारी घरघर थांबली. थोड्या दिवसांतच ती कानाला इतकी सवयीची झाली होती, की थांबल्यावरच कळलं.

निळी पट्टी सरसर धावली. क्लासकडून लगेच निरोप आला, व्हिडिओ मिळाला. नम्रताने कपाळावरचा घाम पुसला.

वायर परत लावायला ती वळली आणि हात तसाच राहिला. वायर तिच्या मुठीत होती. राउटरचा दिवा मात्र पूर्वीपेक्षा वेगाने लुकलुकत होता. उजेड उतरला होता, खालच्या रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत होते, आणि खोलीत शिकेकाईचा ओला वास पसरत होता... नुकतेच केस धुतल्यासारखा. तिने आज केस धुतले नव्हते.

मग ती घरघर पुन्हा सुरू झाली. या वेळी भिंतीच्या अलीकडे.

तिने घाईघाईने वायर खोचली. दिवा थांबेना. सर्जेरावांचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. पहाटेच भाजी घेऊन मार्केट यार्डात गेलेले, अजून परतले नव्हते. शेवटी भाडं पाठवण्यासाठी मिळालेला समर्थचा नंबर तिने लावला. लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत ती अंग चोरून बसली होती. कॅमेऱ्यावरची टिकली जागच्या जागी होती. रिंग जात होती... जात होती...

"हॅलो?"

"समर्थदादा, मी नम्रता... वरच्या खोलीतली. माझ्याकडून चूक झाली. तुमची वायर मी..."

"असू द्या." आवाज शांत होता, जवळजवळ सुखावलेला. "दिसतंय मला. फक्त तुम्ही जरा बाजूला सरकता का? मैना तुमच्याआड झाकली जातेय."