तीन उघड्या नळ्या

उन्हाळ्यात सोलर झाकून ठेवा, हे लोकांना सांगून सांगून मी थकलो. हिवाळ्यात पाणी कढत आलं नाही म्हणून फोनवर फोन. चैत्र लागला की हीच मंडळी गार पाण्यानं अंघोळ करतात आणि छतावरच्या टाकीला साफ विसरतात. न वापरलेलं पाणी उकळत राहतं, रबरी रिंगा जातात, काचेच्या नळ्या तडकतात आणि शिव्या मात्र मला. नळ्यांवर जुनं गोणपाट टाका, एवढंच माझं म्हणणं असतं. ते ऐकणारं एकच माणूस मला भेटलं, सणसरच्या प्रयागबाई काकी.

काकींनी गोणपाटाऐवजी आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं. पाडव्यापासून रोज सकाळी त्या शिडीनं वर जायच्या, लुगडं दोनदा झटकायच्या, नळ्यांवर पसरून कडेनं चिंध्यांनी बांधायच्या. वीसपैकी कडेच्या तीन नळ्या तेवढ्या उघड्या ठेवायच्या. त्यांच्या नवऱ्याचे, सर्जेरावतात्यांचे, गुडघे शेकायला संध्याकाळी एक बादली ऊन पाणी लागायचं. तीनच का, असं मी एकदा विचारलं होतं. चार ठेवल्या की पोळतं आणि दोन ठेवल्या की कोमट येतं, म्हणाल्या. माझ्या कंपनीच्या पुस्तकात हे कुठं लिहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीत काकी गेल्या. एप्रिलमध्ये त्यांच्या मुलीचा, राजेश्वरीताईंचा, बारामतीहून फोन आला. तात्यांना त्या आपल्या फ्लॅटवर नेणार होत्या. घर बंद होणार, म्हणून सोलरचं पाणी काढून टाकायचं होतं. तात्या मात्र हलायला तयार नव्हते. का, म्हणून विचारलं की नुसते छताकडं बघायचे.

मी दुपारी पोचलो. घरची शिडी ताईंनी आधीच शेजारी देऊन टाकली होती, तात्यांनी गुडघे घेऊन वर चढू नये म्हणून. माझी शिडी लावून मी वर गेलो.

नळ्यांवर हिरवं लुगडं होतं. कडेच्या तीन नळ्या उघड्या होत्या.

शेतातल्या गड्याचं काम असेल, असं मला वाटलं. पण तो आठवडाभर सुट्टीवर होता. मी खाली येऊन तात्यांनाच विचारलं.

"हीच झाकती की," तात्या म्हणाले. "दुसरं कोन येनार?"

म्हाताऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी लुगडं सोडून आणलं आणि ताईंनी ते तात्यांच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. मग मी विसाच्या वीस नळ्यांवर शेडनेटची जाळी तारेनं आवळून बांधली, शिडी उतरवून गाडीवर चढवली आणि ओट्यावर बसून राहिलो. मला बघायचंच होतं.

चार वाजता तात्यांनी नळ सोडला. बादलीतून वाफा येत होत्या.

मी पुन्हा शिडी लावली. तीन नळ्यांवरची जाळी नीट घडी घालून मागं सारलेली होती. तारेचे पीळ एकेक करून सोडवलेले होते. छताचा चटका चपलेतून लागत होता, पण ती घडी हाताला गार लागली.

खाली आलो तेव्हा तात्या पाण्यात पाय सोडून बसले होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं समजलं.

"मी गेल्यावर ही कुनासाठी झाकंल?" ते म्हणाले. "विशाल, तिला सांग बाबा, मी राजीकडं हाय म्हनावं. मला वर चढवत न्हाय, न्हायतर मीच सांगितलं असतं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पाणी सोडून द्यायला वर गेलो तेव्हा खाली ताई ऐकत नाहीत ना, हे आधी बघितलं आणि टाकीकडं तोंड करून घाईघाईत म्हणालो, "काकी, तात्या बारामतीला चाललेत. ताईंच्या बिल्डिंगवर, जिन्यापासून सहावा सोलर."

त्या बिल्डिंगचं कामही माझंच. प्रत्येक फ्लॅटचा सोलर वेगळा, गच्चीला कुलूप आणि किल्ली माझ्याकडं.

दहा दिवसांनी ताईंचा फोन आला. नळाला उकळतं पाणी येत होतं आणि तात्या शेकून घ्यायला तयार नव्हते. रोज संध्याकाळी नळ सोडायचे, बोट लावून बघायचे आणि बंद करायचे.

मी गेलो तर तात्या दारातच खुर्ची टाकून बसलेले. दहा दिवसांत खंगले होते.

"सांगितलं व्हतंस ना?"

"सांगितलं, तात्या."

"मंग आली न्हाय ती," ते म्हणाले. कोपऱ्यात ट्रंक होती, तिचं कुलूप जसंच्या तसं होतं.

मी गच्ची उघडली. तात्यांचा सोलर उघडा तापत होता, टाकीच्या नळीतून वाफ निघत होती.

शेजारच्या सोलरवर हिरवं लुगडं होतं.

मी मोजायला लागलो. जिन्याजवळचा पहिला सोलर पाण्याच्या मोठ्या टाकीआड आहे. त्या दिवशी घाईत मी तो मोजलाच नव्हता. तात्यांचा सोलर सातवा.

लुगडं सहाव्यावर होतं. तीन नळ्या उघड्या. तो फ्लॅट वर्षभर बंद आहे. दहा दिवस रोज तिथं एक बादली पाणी ऊन होत होतं, आणि घ्यायला कुणी नव्हतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली.

"काकी," मी म्हणालो, "चुकलं माझं. सातवा."

काही हाललं नाही. वारा पडलेला होता.

मी जिन्यात आलो, गच्चीचं दार ओढलं, कुलूप घातलं.

दारापलीकडं कुणीतरी कापड झटकलं.

मग आणखी एकदा.