टेबलावरची चादर

कपाटाच्या तळातून म्हाताऱ्या प्रोहास्कांनी चार जुन्या चादरी काढल्या, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. एकतीस ऑक्टोबर, पोरांनी दारोदार चॉकलेटं मागायचा दिवस. पोरांना सहा वाजता भुतं बनून बाहेर पडायचं होतं आणि दुकानातले तयार पोशाख आणायला सांगणारा माणूस या घरात अजून जन्माला यायचा होता. बाहेर पायवाटेच्या दोन्ही कडांना दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन रांगेत उभे होते. त्यांच्यावर नातीने, टिलीने, कालच मार्करने डोळे आणि बोळकी तोंडं काढली होती, आणि आत दिवे सोडले होते.

जेवणाच्या टेबलाला डाग पडू नयेत म्हणून त्यांनी आणखी एक चादर खाली अंथरली. धुऊन धुऊन ती इतकी विरली होती की तिच्यातून टेबलाच्या लाकडाच्या रेषा दिसत. मग त्यांनी मार्करचं टोपण काढलं. तो उग्र, डोक्यात चढणारा वास खोलीभर पसरला.

"बाबा, खाली पुठ्ठा घाला बरं का," नोरीन आतून ओरडली. ती दवाखान्याच्या पाळीसाठी बूट चढवत होती. "नाहीतर शाई पलीकडे उतरते. आणि ती पक्की शाई आहे, जायची नाही."

"चाळीस वर्षं खडकांचे नकाशे काढलेत मी. शाई कशी वागते ते मला नको शिकवूस."

"नकाशे काढलेत हो. आणि सप्टेंबरात टिलीला वाचनालयात विसरून घरी कोण आलं होतं?"

त्यांनी पहिली चादर पुढे ओढली. तिलाही बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण दाराशी आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. फ्रिजवर चुंबकाखाली एक रंगीत कागद लावलेला होता. 'मेपल कोर्ट, ज्येष्ठांसाठी आपुलकीचं घर.' खाली नावनोंदणीचा अर्ज.

"आज चारही पोरांना नीट फिरवून घरी आणा, बाबा. चौघांना. साडेआठला मी येते. सगळं ठीक असलं तर तो कागद मी स्वतः फाडते. शब्द देते."

"आणतो," प्रोहास्का म्हणाले.

पुठ्ठा घालायचं ते विसरले.

त्यांच्या लक्षात आलं ते चौथा चेहरा काढून झाल्यावर. टिलीची चादर, शेजारच्या रॉस्कोची, कोपऱ्यावरच्या मारिसोलची, आणि चार वर्षांच्या ओटिसची, जो कुणाच्याही घरी गेला तरी टेबलाखाली बसायचा. चारही चादरी त्यांनी एकाच जागी, एकीमागून एक ठेवून रंगवल्या होत्या. शेवटची उचलली तेव्हा खालच्या विरलेल्या चादरीवर चारही चेहरे उतरलेले दिसले, एकावर एक. आठ डोळे एकमेकांत मिसळलेले, चार तोंडांचं मिळून एक लांबट, काळं भगदाड.

"अय्या, हा पाचवा झाला," टिली म्हणाली.

"घाणेरडाय," मारिसोल म्हणाली. "तुझ्यासारखा, रॉस्को."

"तुझे दात आहेत त्यात. बघ, तो फटीवाला."

टेबलाखालून ओटिसने डोकं बाहेर काढलं. त्याने बराच वेळ त्या चादरीकडे पाहिलं. "तो पण येणारे?"

प्रोहास्का डोळ्यांच्या जागी कात्रीने भोकं पाडत होते. त्यांचं अर्धं लक्ष पुठ्ठ्यात होतं, नोरीनला काय सांगायचं यात होतं. "येऊ दे की," ते म्हणाले.

ती पाचवी चादर त्यांनी गुंडाळून मागच्या अंगणातल्या कचऱ्याच्या पिंपात कोंबली आणि झाकण दाबून बसवलं.

सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजला. गल्लीभर ओसऱ्यांवरचे दिवे लागले. दिवा लागलेल्या घरी जायचं, विझलेल्या घरी जायचं नाही, आणि दारात विनोद सांगितल्याशिवाय चॉकलेट मिळायचं नाही. सेंट लुइसच्या आसपासच्या या गावांमध्ये पोरं आठवडाभर विनोद घोकत असतात.

पहिल्या घरी सगळं नीट झालं. टिलीने विचारलं, "भूत पहिल्या बाकावर बसलं तरी बाई का रागवत नाहीत?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कारण मागच्यांना फळा दिसतोच!" रॉस्कोच्या विनोदातला सांगाडा आईस्क्रीम खात होता आणि त्याच्या खाली फडकं धरावं लागत होतं. मारिसोलचा भोपळा डॉक्टरकडे गेला होता, कारण डोक्यात दिवा लावल्यापासून त्याला झोप येत नव्हती. ओटिस नुसताच "टकटक!" म्हणाला आणि पोट धरून हसत सुटला. उशीच्या चार अभ्र्यांत चार चॉकलेटं पडली.

दुसरं घर स्ट्रॅटमनबाईंचं. बाई सत्तरीच्या, एकट्या, बोलायला माणूस मिळाला की सोडत नसत.

"आणि तुझा विनोद रे?" त्या ओटिसच्या मागे बघत म्हणाल्या. "लाजतोस? बरं, घे तसंच."

"चारच आहेत, हेल्गा," प्रोहास्का म्हणाले.

"चार कसे? पाच चॉकलेटं काढली मी, पाची गेली. अहो, तुम्हाला नवा चष्मा हवा, प्रोफेसर. नोरीनला सांगू का?"

"नको," ते पटकन म्हणाले. "तिला नको सांगूस."

फाटकाबाहेर येऊन त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार. म्हाताऱ्या बाईची चूक. त्यांनी श्वास सोडला. पण पुढच्या झाडाखालून पोरं जात असताना त्यांनी पुन्हा मोजलं आणि पाच झाले. वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. वाचनालयाच्या वेळीही असंच सगळं आधी नीट वाटलं होतं. मग त्यांनी बूट मोजले. टिलीचे लाल, रॉस्कोचे फाटके, मारिसोलचे चमकीचे, ओटिसचे उलटसुलट घातलेले. चार जोड.

पाचवी चादर जमिनीवरून घासत चालली होती, आणि पाचोळा वाजत नव्हता.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय सांगणार? पोरं घाबरून चार दिशांना पळतील, कुणीतरी नोरीनला फोन करेल, आणि उद्या सकाळी आपण मेपल कोर्टच्या खिडकीत बसलेले असू. नाही. आजच्या दिवसात आपल्याला एकच गोष्ट करायची आहे. चार पोरं घेऊन निघालोय, चार परत न्यायची.

"हात धरा एकमेकांचे," ते म्हणाले. "घट्ट. आणि मी म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत."

"आम्ही काय बालवाडीत आहोत का?" रॉस्को कुरकुरला.

"धर म्हटलं ना."

तिसऱ्या घरी एक दाढीवाला तरुण पायरीवर बसला होता. "चला, हसवा मला," तो म्हणाला.

"भूत पहिल्या बाकावर बसलं तरी…"

टिलीचाच आवाज. टिलीचीच, 'बाई' म्हणतानाची ती लाडिक लकब. पण टिली प्रोहास्कांच्या डाव्या हाताशी होती आणि आवाज उजवीकडून, रांगेच्या टोकाकडून आला होता. विनोद पूर्ण झाला. तरुण हसला. मग तो टिलीकडे वळला. "आणि तू गं?"

टिली काही बोलली नाही.

"बोल ना, टिली," मारिसोल कुजबुजली. "दुसरा सांग. तो घुबडाचा सांग…"

टिलीने मान हलवली. भोकांमधून तिचे डोळे आजोबांकडे बघत होते, मोठे झालेले.

चर्चच्या मोकळ्या आवारात, दिव्याच्या खांबाखाली, त्यांनी तिला समोर उभं केलं. तिच्या चादरीवर दुपारी काढलेला चेहरा पुसट झाला होता. पक्की शाई, धुऊन न जाणारी, आणि आता ती जुन्या पेन्सिलीच्या रेघेसारखी फिकी दिसत होती. चार पावलांवर तो पाचवा उभा होता. आठ डाग असलेल्या त्याच्या चादरीवरचे दोन डोळे आता काळेकुळकुळीत झाले होते. टिलीचे, पापण्या काढलेले. त्या डोळ्यांना भोकं नव्हती.

"टिली, बाळा, काहीतरी बोल."

तिचे ओठ कापडाआड हलले. आवाज नाही. तिचा हात बर्फासारखा होता.

कोटाच्या खिशात मार्कर होता. दुपारपासून तसाच राहिलेला. त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं. पुसट रेघेवरून त्यांनी रेघ ओढली. सावकाश, दाबून, जशी नकाशावर नदी ओढत तशी. डावा डोळा. उजवा. पापण्या. तोंडाचा गोल पुरा झाला आणि आतून आवाज आला.

"ईऽऽ आजोबा, नाकात वास गेला."

त्यांनी तिला छातीशी धरलं. मारिसोल रडत होती. रॉस्कोची कुरकुर बंद झाली होती.

ओटिस मात्र त्यांचा कोट ओढत होता. "आजोबा, आता त्याचा नंबर."

वळून पाहिलं तर पाचवा जवळ आला होता. टिली उभी होती त्याच जागी, खांबाखाली, त्याने मान किंचित वर करून चेहरा पुढे केला होता. रांगेत नंबर लागलेल्या पोरासारखा.

प्रोहास्कांना मग ते समजलं, किंवा समजल्यासारखं वाटलं. त्यांच्या स्वतःच्या समजण्यावर त्यांचा हल्ली फारसा भरवसा नव्हता. याला स्वतःचा चेहरा नाही. चार पोरांचे तुकडे आहेत, म्हणून तो चार पोरांकडून बाकीचं घ्यायला निघालाय. पुसून टाकता येणार नाही. त्याच्यावर काहीतरी काढावं लागेल, अधिक मोठं, अधिक काळं. आणि जगातल्या दुसऱ्या कुणाचा चेहरा असा देऊन टाकायचा त्यांना हक्क नव्हता.

"त्या पायऱ्यांवर बसा," ते पोरांना म्हणाले. "आपापला विनोद मोठ्याने सांगत राहा. एकाचा संपला की दुसऱ्याने. थांबायचं नाही."

"पण आजोबा, तुम्ही…"

"टिली. सांग."

मागून फळा, आईस्क्रीम, भोपळा, टकटक असा गलका सुरू झाला. प्रोहास्कांनी त्या चादरीवर मार्कर टेकवला. आत काही हाताला लागलं नाही, तरी कापड मागे सरकलं नाही. ओल्या मातीच्या तळघराचा वास आला. त्यांनी स्वतःच्या चष्म्यासारखा जाड गोल चष्मा रेखाटला. त्याखाली पोरांचे आठही डोळे बुजवून दोनच डोळे ठेवले. झुबकेदार भुवया काढल्या. ते लांबट भगदाड त्यांनी मिशीखाली झाकलं, एकेक केस करत, मार्कर कोरडा पडून करकरायला लागेपर्यंत. कपाळावर तीन आठ्या ओढल्या.

"घे," ते म्हणाले. "हा तुझा. पोरांच्या वाटेला जायचं नाही."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग वळला आणि आवाराच्या पलीकडे चालू लागला. डावा पाय जरासा ओढत. तसा पाय कोण ओढतं हे आठवायला प्रोहास्कांना एक क्षण लागला, आणि आठवल्यावर त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.

नंतर ते एकाही दारात थांबले नाहीत. रॉस्कोने एकदा अर्ध्या भरलेल्या अभ्र्याकडे पाहिलं आणि तो खांद्यावर टाकला. घरात शिरताना प्रत्येकाची चादर उंबऱ्यावरच काढायला लावून त्यांनी चार चेहरे पाहिले. घामेजलेले, खरे. आठचा भोंगा झाला. गल्लीतले दिवे एकेक करून विझले.

साडेआठला नोरीन आली तेव्हा चौघंही दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चॉकलेटांची अदलाबदल करत होती. तिने दारातूनच बोटाने मोजलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि कागद फाटल्याचा आवाज प्रोहास्कांनी डोळे मिटून ऐकला.

"शाबास, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली. "मी उगाच… जाऊ दे. चहा टाकू?"

भिंतीवरचा फोन वाजला.

"हां, स्ट्रॅटमनकाकू, बोला." नोरीनने रिसीव्हर खांद्यात धरला आणि हाताने चहाचं भांडं ओढलं. "नाही, नाही, त्रास कसला. कधीपासून? बरं… दिवा विझवला तरी उभेच? अगं बाई. आत घेतलंत? फार उपकार झाले. हो, हात असे गार पडतात त्यांचे. तुम्ही त्यांना तिथेच बसवा, मी येते घ्यायला…"

गेल्या वर्षभरात हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की ते आपोआप बाहेर पडलं. मग तिची नजर खुर्चीकडे गेली. भांडं तिच्या हातात तसंच राहिलं.

"बाबा…" ती हळूच म्हणाली. "त्या म्हणतायत, तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलाय. मुलं घरी नीट पोचली का, असं सारखं विचारताय…"

प्रोहास्का उठले. त्यांनी खुंटीवरचा कोट घेतला आणि बटणं लावायला सुरुवात केली, सगळ्यात खालच्या बटणापासून, एकही न चुकवता. त्याला बोलावलं त्यांनी होतं. चेहरा दिला त्यांनी होता. त्या बाईच्या स्वयंपाकघरात त्याला सोडून ते झोपू शकले नसते.

"तू पोरांजवळ थांब," ते म्हणाले. "मी जातो."

"कुठे जाता? बाबा, कुणाला आणायला जाता?"

दाराच्या कडीवर हात ठेवून ते वळले. तिला एवढंच सांगायचं होतं की घाबरू नकोस, मी परत येईन. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात नोरीनच्या हातातल्या रिसीव्हरमधून, खोलीभर ऐकू जाईल असा, थकलेला, मायेचा, थोडा खरखरीत आवाज आला.

"घाबरू नकोस, नोरीन. दार उघडं ठेव. मी येतोच आहे."

प्रोहास्का तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले. ओठ हलले, चर्चच्या आवारात टिलीचे हलले होते तसे, पण आवाज फुटला नाही. नोरीनने एकदा रिसीव्हरकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि गालिच्यावरची चारही पोरं एकदम उठून तिच्यामागे जाऊन उभी राहिली.