या घरट्यात किती?

डोळे मिटा आणि बालवाडीचं एक निळं दार डोळ्यांसमोर आणा. खालच्या बाजूला चिमुकल्या बुटांनी खरवडलेलं. दारात रंगीबेरंगी बटणं सांडली आहेत. ती वेचायला एक तरुण शिक्षिका गुडघ्यांवर बसली आहे... आणि तिच्या समोर, आताच धापा टाकत आलेला एक घड्याळजी. भाचीचं इवलंसं दप्तर अजून त्याच्याच पाठीवर आहे.

"घड्याळं दुरुस्त करता, आणि रोज उशीर?" ती म्हणाली.

"लोकांची करतो... स्वतःचं राहून जातं."

भाचीला सगळे टिकली म्हणत. आई-बाबा कामासाठी परगावी, म्हणून ती आजी आणि मामाकडे राहायची. बटणं, पेन्सिली, पायऱ्या ती बिनचूक मोजायची. माणसं मोजताना मात्र दर वेळी एक कमी पडायचं, कारण स्वतःला ती धरायचीच नाही. ही शिक्षिका मुलांना खेळातून मोजायला शिकवायची; शाळेच्या मोठ्या बाईंना हे खेळातलं गणित मुळात पटलेलंच नव्हतं. पालकसभेत सगळ्यांसमोर टिकली चुकली, तर तिला पुन्हा लहान गटात बसवू आणि खेळही बंद करू, असं त्यांनी बजावलं होतं.

शिक्षिकेने हे मामाला सांगितलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.

"दोघीच. आजी आणि ही."

"आणि तुम्ही?"

तो कानांपर्यंत लाल झाला. खोड कुठून आली ते तिला कळलं, आणि तिला हसू आवरेना.

तेव्हापासून तो वेळेआधी येऊ लागला. काही ना काही निमित्त असायचंच – रुमाल, डबा, सुटलेली बुटाची नाडी. एकदा तर टिकलीची पाण्याची बाटली मुद्दाम घरी विसरला, म्हणजे परत यायला बरं. बाकीचे पालक शिक्षिकेला ताई म्हणत. हा मात्र 'अहो'वर भागवायचा. तिने एकदा कारण विचारलंच.

"ताई एकदा म्हटलं की..." तो पायरीकडे बघत म्हणाला, "मग ते कायमचंच होतं."

तिने बटणांच्या डब्याचं झाकण घाईघाईने लावलं – ते आधीच लागलेलं होतं.

पालकसभेला फरशीवर खडूने गोल गोल घरटी काढली होती. ताई सांगेल तेवढ्यांनी मिळून एका घरट्यात शिरायचं, असा खेळ. तिने "तिघं-तिघं" म्हटलं आणि एकच पळापळ झाली. शेवटी एक घरटं उरलं आणि टिकली एकटी उरली. मोठ्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. टिकलीने जरा विचार केला, ताईला ओढून घरट्यात आणलं, मग भिंतीशी अंग चोरून उभ्या असलेल्या मामाला.

"या घरट्यात किती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ताई... एक. मामा... दोन."

मामाचे ओठ हलणार, तोच शिक्षिकेने त्याचा हात घट्ट दाबला. सांगायचं नाही. टिकलीचं बोट हवेतच थांबलं होतं. ते हळूहळू वळलं... आणि तिच्या स्वतःच्या पोटावर टेकलं.

"आणि मी. तिघं."

पहिली टाळी मोठ्या बाईंची पडली. उद्यापासून सगळ्या गटांत हाच खेळ घ्या, असं त्या म्हणाल्याही. पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या हातातला हात अजून तिथेच होता.

"आता मीही मोजला गेलोय," मामा हळूच म्हणाला. "घरट्याबाहेर जा म्हणू नका."

"मी कुठे म्हणतेय..." ती हसली. "उशीर केलात तर मात्र म्हणेन."

टिकली खाली बघत होती. घरी आजी होती. ती कुठे उभी राहणार? तिने तळहाताने खडूची रेघ पुसली, आणि चौघं मावतील एवढं मोठं घरटं काढायला बसली.